साखरपुड्याची हिऱ्याची अंगठी घरी कशी स्वच्छ करावी?

आंबेमोहोर | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

माझा साखरपुडा दिवाळीनंतर झाला, लग्न वैशाखात आहे. अंगठी १८ कॅरेट पांढऱ्या सोन्याची आहे. मध्ये एक हिरा आणि त्याच्याभोवती बारीक हिऱ्यांची कड. पहिल्या दिवसापासून ती रोज हातात आहे. ऑफिस, स्वयंपाक, डोक्याला तेल, सनस्क्रीन, सगळं तिच्यासकटच चालतं. आता मधला हिरा निस्तेज दिसायला लागलाय. उलटी धरून पाहिली तर खालच्या जाळीत पांढुरकं काहीतरी घट्ट बसलंय, बहुधा कणीक.

घरात विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं. मावशी म्हणते टूथपेस्ट लाव, होणाऱ्या सासूबाई म्हणतात रिठ्याच्या पाण्यात ठेव, मैत्रीण सॅनिटायझरने पुसते, आणि रील्समध्ये तर खायचा सोडा नि व्हिनेगर फसफसवून अंगठ्या बुचकळतात. मला ही अंगठी फार जिवाची आहे. दोन्ही घरच्यांनी मिळून निवडलीय. दर थोड्या दिवसांनी सराफाकडे ठेवून यायला मन घेत नाही. घरच्या घरी काय करता येईल, आणि काय अजिबात करू नये? का करू नये हेही सांगितलंत तर घरी समजावून सांगता येईल.

पाटावरवंटा | सोमवार, रात्री ९:४२

अभिनंदन गं! आमच्याकडे पाटल्या-बांगड्या कायम टूथपेस्टनेच घासतात, आईपासून चालत आलंय. पांढरी साधी पेस्ट घ्यायची, जेलवाली नाही. लखलखीत होतात. हिरा तर जगातला सगळ्यात कठीण पदार्थ, त्याला पेस्टने काय होणार?

गुजरीकर | सोमवार, रात्री १०:३५

आंबेमोहोर ताई, अभिनंदन. कोल्हापूरला गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, आमचं वडिलोपार्जित दुकान आहे. मी स्वतः कारागिरांच्या शेजारी बसून काम शिकलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लागणारं सगळं सामान तुमच्या स्वयंपाकघरात आहे. एक काचेची वाटी, कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, लहान मुलांचा नवा मऊ ब्रश, चहाची गाळणी आणि मऊ सुती फडकं.

पाण्यात घालायच्या आधी अंगठी तपासा. कानाजवळ धरून नखाने हलक्या टिचक्या मारा. खुळखुळ ऐकू आली तर खडा ढिला आहे. मग धुणं राहू द्या, आधी सोनाराकडे जा. नंतर प्राँगवरून, म्हणजे खडा धरून ठेवणाऱ्या सोन्याच्या बारीक नख्यांवरून, कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला तर तो प्राँग उचलला गेलाय. रेशमी साडी किंवा स्वेटर सारखा अडकत असेल तर त्याचाही अर्थ हाच. तुमच्या अंगठीत बारीक हिऱ्यांची कड आहे, तिथे प्रत्येक खडा सोन्याच्या अगदी बारीक टिपक्यांनी धरलेला असतो. कधी कधी टिपका झिजलेला असतो आणि साठलेला मळच खड्याला जागेवर धरून ठेवतो. मळ सुटला की खडाही सुटतो. म्हणून वाटीतलं पाणी टाकताना ते गाळणीतूनच टाकायचं, दर वेळी, न चुकता.

मग अंगठी साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास राहू द्या. कणीक वाळून बसली असेल तर जास्त वेळ ठेवली तरी चालेल, हिऱ्याला आणि सोन्याला काही होत नाही. त्यानंतर ब्रश. सगळे वरून घासतात आणि थांबतात. खरं काम खालून आहे. अंगठी उलटी धरा, जाळीच्या भोकांतून ब्रशचे केस आत जाऊ द्या आणि हिऱ्याच्या खालच्या बाजूला हलक्या हाताने फिरवा. जोर लावायचा नाही. मळ निघत नसेल तर पुन्हा भिजत घाला. टाचणी, सुई, टूथपिक यांनी टोकरत बसू नका, प्राँग त्यानेच वाकतात.

धुवायला दुसऱ्या वाटीत साधं पाणी घ्या. बेसिनवर, नळाखाली धरून धुवायचं नाही. साबणाच्या हातातून अंगठी कधी निसटते कळतही नाही. शेवटी फडक्यावर ठेवून टिपून घ्या आणि पूर्ण वाळली की मगच घाला.

>> हिरा तर जगातला सगळ्यात कठीण पदार्थ <<

पाटावरवंटा ताई, हिऱ्याला पेस्टने ओरखडा येणार नाही हे बरोबर. पण अंगठी म्हणजे नुसता हिरा नव्हे. कठीणपणाच्या मोह मापात हिरा १० वर, शुद्ध सोनं अडीच-तीनवर. पेस्टमध्ये दात घासण्यासाठी खडूची पूड किंवा सिलिका असते, तिने सोन्यावर बारीक चरे पडतात. घासल्यावर लगेच चकाकतं, कारण वरचा थर खरवडला गेलेला असतो. पाटल्यांवर नक्षी असेल तर काही वर्षांनी तिच्या कडा बोथट झालेल्या दिसतात. भांड्यांची वडी, राख, रांगोळी, खायचा सोडा कोरडा चोळणं, सगळ्यांना हेच लागू.

प्रकाशकिरण | सोमवार, रात्री ११:२०

गुजरीकर, उत्तम प्रतिसाद. खालची बाजू का महत्त्वाची, त्याचं भौतिकशास्त्र लिहितो. अकरावी-बारावीला हेच शिकवतो, आणि हिऱ्याचं उदाहरण मुलांना फार आवडतं.

हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे तो प्रकाश किती वळवतो याचं माप, २.४२ आहे. हिऱ्यातून हवेत बाहेर पडू पाहणाऱ्या प्रकाशाचा क्रांतिक कोन त्यामुळे जेमतेम २४ अंश येतो. त्याहून तिरपा येणारा किरण बाहेर न पडता आतच परावर्तित होतो. पैलू पाडताना खालच्या पैलूंचे कोन असे ठेवतात, की वरून आत आलेला प्रकाश खाली दोनदा आपटून पुन्हा वरूनच बाहेर यावा. हिरा लखलखतो तो यामुळे.

आता त्या खालच्या पैलूंवर तेलाचा थर बसला असं समजा. तेलाचा अपवर्तनांक साधारण १.४७. हिऱ्याच्या बाहेर आता हवेऐवजी तेल आहे, म्हणून क्रांतिक कोन २४ वरून जवळजवळ ३७ अंशांवर जातो. जे किरण परत फिरायला हवे होते, त्यांतले बरेचसे खालून निसटतात. वरचा पृष्ठभाग कितीही पुसला तरी उपयोग होत नाही, तो याचमुळे.

दुसरी गंमत अशी की हिऱ्याला पाणी चिकटत नाही पण तेल-तूप पटकन चिकटतं. दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीच्या खाणींत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच गुणाचा उपयोग करून घेतला. फोडलेला खडक पाण्याबरोबर ग्रीस लावलेल्या उतरत्या टेबलांवरून सोडायचे. ओले दगड घसरून पुढे जायचे आणि हिरे ग्रीसला चिकटून राहायचे. आपल्या बोटांवरचं खोबरेल, तूप, क्रीम हिरा असाच ओढून घेतो. आंबेमोहोर, तुमची अंगठी थोड्याच महिन्यांत मंद दिसतेय यात काहीच खोट नाही.

कोथरूडकर | मंगळवार, सकाळी ८:०५

+१. वाचनखूण साठवली. कृत्रिम हिऱ्यालाही हीच पद्धत का? आमची अंगठी लॅबमध्ये तयार केलेल्या हिऱ्याची आहे.

गुजरीकर | मंगळवार, सकाळी ९:१५

हो, अगदी तीच. लॅबमधला हिराही कार्बनचाच, कठीणपणा तोच, तेल ओढायची सवय तीच. अमेरिकन डायमंड म्हणतात ते वेगळं. तो क्युबिक झिरकोनिया असतो आणि बहुतेक वेळा मुलामा दिलेल्या धातूत बसवलेला. त्यालाही साबणाचं कोमट पाणी चालतं, पण भिजत ठेवू नका, पटकन धुऊन टिपा. खडे चिकटवलेले असतील तर गोंद सुटतो.

आंबेमोहोर | मंगळवार, दुपारी १:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रकाशकिरण सर, आता कळलं मी वरून ओढणीने पुसत होते तरी फरक का पडत नव्हता.

दोन शंका आहेत. अंगठीच्या खालच्या भागाला, तळहाताच्या बाजूला, किंचित पिवळट झाक आलीय. तो मळ आहे का? आणि रिठ्याबद्दल कोणी बोललं नाही. सासूबाईंना काय सांगू?

गुजरीकर | मंगळवार, दुपारी ३:५०

ती झाक मळाची नाही, तिला घासू नका. सोनं मुळात पिवळंच. पांढरं सोनं करताना त्यात पॅलेडियम किंवा निकेलसारखे धातू मिसळतात, तरी थोडी पिवळसर छटा राहते. म्हणून वरून ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा देतात. तो फार पातळ असतो, एका मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. तळहाताच्या बाजूला दारांच्या कड्या, गाडीचं हँडल, पिशव्या यांनी तो आधी झिजतो. रोज वापरात असलेल्या अंगठीला वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा ऱ्होडियम करून घ्यावं लागतं. हे घरी होण्यासारखं नाही. लग्नाच्या आधी एकदा करून घ्या, फोटोंतही छान येईल.

सोनाराकडे देताना मात्र एक सांगतो, आणि हे मी स्वतः दुकानदार असून सांगतोय. अंगठी तुमच्यासमोर वजन करून घ्या, पावतीवर वजन आणि खड्यांची संख्या लिहून घ्या, आणि परत घेताना पुन्हा काट्यावर ठेवायला लावा. बफिंग करताना, म्हणजे यंत्रावर घासून चकाकी आणताना, किंचित घट येतेच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण म्हणूनच ऊठसूट पॉलिश करू नये. दर बफिंगला थोडं सोनं जातं आणि प्राँग बारीक होत जातात. सोनारांच्या दुकानातला केर झारेकरी विकत घेतात आणि त्यातून सोनं काढतात, यावरून काय ते समजा. अंगठीवर हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक कोरलेला असेल, तोही पावतीवर टिपून घ्या. अंगठीवर ७५० हा शिक्का असायला हवा, १८ कॅरेटचा तोच.

रिठ्याचं उत्तर: सासूबाई बरोबर सांगताहेत. आमच्या आजोबांच्या काळात दुकानात रिठ्याचंच पाणी असायचं. त्यातलं सॅपोनिन मळ अलगद सोडवतं आणि त्यात खरखरीत काही नसतं. चार-पाच रिठे फोडून बिया काढायच्या, टरफलं कोमट पाण्यात भिजवून चुरायची आणि ते पाणी फडक्यातून गाळून घ्यायचं. गाळणं महत्त्वाचं, नाहीतर टरफलांचा चोथा जाळीत अडकतो. ते पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबतं.

पाटावरवंटा | मंगळवार, सायंकाळी ६:१२

गुजरीकर, पटलं. आईच्या पाटल्यांवरची वेलबुट्टी खरंच पुसट झालीय, ते आजवर जुनेपणामुळे असंच धरून चाललो होतो. आता घरात सगळ्यांना रिठ्यावर आणते.

रसायनवाली | मंगळवार, रात्री ९:००

धागा छान चाललाय. औषधनिर्माण क्षेत्रात प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे रसायनांबद्दल लिहिते. इथे चूक झाली तर ती भरून येत नाही.

सगळ्यात धोकादायक म्हणजे क्लोरीन. कपडे पांढरे करायचं ब्लीच, काही बाथरूम क्लीनर, पोहण्याच्या तलावाचं पाणी. १८ कॅरेटमध्ये ७५ टक्के सोनं आणि २५ टक्के इतर धातू असतात. क्लोरीन त्या इतर धातूंवर हल्ला करतं. निकेल असलेल्या पांढऱ्या सोन्यात तर प्राँगसारख्या ताणलेल्या, वाकवलेल्या भागात आतून बारीक तडे जातात. बाहेरून काही दिसत नाही आणि एके दिवशी प्राँग तुटतो. अंगठी ब्लीचमध्ये एकदाही बुडवू नका. फरशी किंवा बाथरूम धुताना, तलावात उतरताना ती काढून ठेवा.

ब्लीचमध्ये आम्ल किंवा अमोनिया असलेला दुसरा क्लीनर कधीही मिसळू नका, अंगठीसाठीच नव्हे, कशासाठीच नाही. आम्लाबरोबर क्लोरीन वायू आणि अमोनियाबरोबर क्लोरअमाईन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतं.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतले की फेस येतो, तो कार्बन डायऑक्साईडचा. दोघं एकमेकांना मारतात आणि मागे सोडियम ॲसिटेटचं खारट पाणी उरतं. रीलमध्ये दिसायला छान, तेलाचा थर काढायला निरुपयोगी. फॉईल, सोडा आणि गरम पाणी हा प्रयोग खरा आहे, पण तो काळ्या पडलेल्या चांदीसाठी. चांदीवरचं काळं सल्फाईड ॲल्युमिनियममुळे परत चांदीत बदलतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्यातल्या गंधकाचा. हिऱ्याच्या अंगठीला त्याची गरज नाही.

सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलने सोन्याला आणि हिऱ्याला काही होत नाही. पण त्यातला चिकटसर पदार्थ जाळीत साचत जातो. स्वच्छतेचं साधन म्हणून तो उपयोगाचा नाही.

आणि पारा! ज्यांच्याकडे अजून ताप मोजायचा जुना पाऱ्याचा थर्मामीटर आहे त्यांनी नीट वाचा. फुटला तर आवरायच्या आधी अंगठ्या-बांगड्या काढा. पारा सोन्याला स्पर्श होताच त्यात मुरतो, सोनं पांढरट पडतं आणि ठिसूळ होतं. तसं झालं तर घरी तापवून काढायचा प्रयत्न अजिबात करू नका, पाऱ्याची वाफ विषारी असते.

साबणाबद्दल एक बारीक गोष्ट. बोअरच्या जड पाण्यात अंगाचा साबण वापरला तर कॅल्शियमचा पांढरा साका तयार होतो आणि तोच हिऱ्यावर बसतो. म्हणून गुजरीकरांनी सांगितलेलं लिक्विडच घ्या. शेवटचं धुणं आरओ फिल्टरच्या पाण्याने केलंत तर वाळल्यावर डागही फारसे राहत नाहीत.

मांडवी | बुधवार, सकाळी ७:४०

मडगावहून. आमच्याकडे नवीन लग्न झालेली जोडपी किनाऱ्यावर येतात आणि अंगठ्या हरवून जातात, दर मोसमात ऐकतो. गार पाण्यात बोटं आकसतात, लाट हात ओढते आणि अंगठी जाते. समुद्रात उतरताना ती खोलीतल्या तिजोरीत ठेवा.

वाळूबद्दलही सांगतो. वाळू म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ, कठीणपणा ७. अंगठीवर वाळू किंवा धूळ असताना कोरड्या कापडाने पुसलंत तर सोन्यावर पॉलिश पेपर फिरवल्यासारखे चरे पडतात. आधी पाण्यात हलवून वाळू जाऊ द्या, मग पुसा. घरातल्या धुळीतही हे कण असतात.

हडसनकाठ | बुधवार, सकाळी ९:५५

न्यूजर्सीहून. बोटं आकसतात यावर माझ्याकडून दुजोरा. इथे थंडीत हातमोजा काढताना अंगठी मोज्यातच राहून जाते. थंड प्रदेशात राहणाऱ्यांनी हिवाळ्यातल्या बोटाचंही माप लक्षात ठेवावं.

इकडे बरीच दुकानं घेतलेली अंगठी फुकट धुऊन आणि प्राँग तपासून देतात, वाफेच्या फवाऱ्याने दोन मिनिटांत. काही दुकानांच्या वॉरंटीत तर दर सहा महिन्यांनी तपासणी करून शिक्का घेणं सक्तीचं असतं, नाहीतर खडा पडला तर भरपाई नाही. वॉरंटीचा कागद एकदा वाचून ठेवा.

यंत्रवेडा | बुधवार, दुपारी १२:३०

कोणी अल्ट्रासॉनिक मशीनबद्दल का बोलत नाहीये? चष्म्याच्या दुकानात असतं तसलं छोटं यंत्र ऑनलाईन सहज मिळतं. पाण्यात ध्वनिलहरींनी असंख्य बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि ब्रश पोहोचत नाही तिथला मळही निघतो. मी माझी प्लॅटिनमची अंगठी त्यातच धुतो, अप्रतिम निघते. घासाघीसच नको.

गुजरीकर | बुधवार, दुपारी २:४५

यंत्रवेडा, तुमची अंगठी साधी, बिनखड्याची असेल तर जरूर वापरा. आमच्या दुकानातही यंत्र आहे. पण आम्ही अंगठी आधी भिंगाखाली बघतो, प्रत्येक प्राँग तपासतो आणि मगच आत सोडतो. ती थरथर सेकंदाला हजारो वेळा होते. एखादा बारीक हिरा किंचित जरी ढिला असेल तर यंत्र त्याला पूर्ण सोडवतं. शेजारी शेजारी बसवलेल्या हिऱ्यांच्या कडाही एकमेकांवर घासून चिरू शकतात. हिरा कठीण असला तरी ठरावीक दिशांनी तो फुटतो, पैलू पाडणारे कारागीर याच गुणावर पूर्वीपासून हिरे चिरत आलेत. आंबेमोहोर ताईंच्या अंगठीत बारीक कड आहे, म्हणून घरात यंत्र नकोच.

यंत्रवेडा | बुधवार, दुपारी ३:१०

साधीच आहे, एकही खडा नाही. बारीक खड्यांचा मुद्दा मान्य. बायकोची अंगठी त्यात टाकणार नाही.

सोनचाफा | बुधवार, रात्री ८:२०

माझ्या अंगठीत हिरा नाही, मध्ये पाचू आणि बाजूला दोन मोती आहेत. आजेसासूबाईंची अंगठी नव्याने घडवून घेतलीय. तिला हेच सगळं चालेल का? आणि आमच्याकडे एक नवरत्नाची अंगठीही आहे.

गुजरीकर | बुधवार, रात्री १०:०५

सोनचाफा ताई, बरं झालं विचारलंत. तुमच्या अंगठीला वरचं बरंचसं चालणार नाही.

पाचूत निसर्गतःच बारीक भेगा असतात. त्या दिसू नयेत म्हणून बहुतेक पाचूंना तेल मुरवलेलं असतं. जयपूरच्या बाजारात पाचू घेताना व्यापारी हे स्वतःच सांगतात. साबणाचं गरम पाणी आणि अल्ट्रासॉनिक यंत्र ते तेल बाहेर काढतात, मग भेगा पांढऱ्या होऊन दिसायला लागतात. मोती तर कॅल्शियम कार्बोनेटचा, लिंबू किंवा व्हिनेगर लागलं की झडायलाच लागतो. घाम, अत्तर, हेअर स्प्रे यांनीही त्याचं पाणी उतरतं. पोवळंही त्याच पदार्थाचं.

तुम्ही एवढंच करा. मऊ फडकं साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळून घ्या आणि त्याने हलकेच पुसा. लगेच कोरड्या फडक्याने टिपा. भिजत ठेवणं नाही, ब्रश नाही. अत्तर, क्रीम सगळं लावून झालं की शेवटी अंगठी घाला आणि घरी आलात की सगळ्यात आधी काढा.

नवरत्नाच्या अंगठीत मोती, पोवळं, पाचू तिन्ही असतात, म्हणून तिलाही हाच नियम. त्यातल्या सगळ्यात नाजूक खड्याला जे चालेल तेच अख्ख्या अंगठीला. माणिक स्वस्तातलं असेल तर जास्त जपा. हल्ली भेगांत काच भरलेली माणकं खूप येतात, ती काच नुसत्या लिंबाच्या रसानेही खराब होते.

कुंदनचं काम असेल तर पाणीच लावू नका. खड्याखाली वर्ख असतो आणि आत लाख. पाणी आत गेलं की वर्ख काळा पडतो आणि खडा कायमचा मंद होतो. लाखेवरची बोरमाळही गरम पाण्यात घालू नये, लाख मऊ होते.

सोनचाफा | बुधवार, रात्री १०:४०

खूप खूप धन्यवाद काका. आजच रिठे भिजत घालणार होते, वेळेवर वाचलं.

चाफेकळी | गुरुवार, सकाळी १०:२५

या धाग्यावर एक इशारा द्यायलाच हवा. "दागिने पॉलिश करून देतो" म्हणत दुपारी घरोघर फिरणारे लोक. आमच्या सोसायटीत अशा दोघांनी एका आजींना गाठलं. आधी पितळेचा तांब्या आणि देवाची भांडी चकाचक करून दिली, विश्वास बसल्यावर बांगड्या मागितल्या. बांगड्या कसल्याशा पाण्यात बुडवून, हळद घालून, डबा बंद करून परत दिला आणि "अर्ध्या तासाने उघडा" सांगून गेले. बांगड्यांचं वजन कमी भरलं. पोलिसांत तक्रार दिलीय. घरात दुपारी एकट्या असणाऱ्या आई, आजी, मदतनीस यांना हे नक्की सांगून ठेवा.

रसायनवाली | गुरुवार, सकाळी ११:३०

चाफेकळी, फार गरजेचा मुद्दा. तो द्रव बहुतेक वेळा अम्लराज असतो, एक भाग नायट्रिक आणि तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल. यांतलं कुठलंही एकटं आम्ल सोनं विरघळवत नाही, पण या मिश्रणात ते विरघळतं. भामटा तो द्रव घेऊन जातो आणि नंतर त्यातून सोनं परत मिळवतो. हळद टाकतात ती रंग झाकायला आणि वेळ काढायला. "कुकरमध्ये ठेवा, शिट्टी झाली की उघडा" असंही सांगतात. दागिना तुमच्या नजरेआड जायला त्यांना एवढा वेळ पुरतो. असं कोणी आलं तर दार न उघडता ११२ वर फोन करा.

निरामय | गुरुवार, दुपारी ४:००

त्वचारोग विभागात काम करते. नव्याने अंगठी घालणाऱ्या मुली बोटाला खाज, लाल चट्टे घेऊन येतात आणि सोन्याची ॲलर्जी आहे असं समजतात. बऱ्याचदा कारण साबण आणि ओलावा असतो. अंगठीखाली साबणाचं पाणी अडकून राहतं आणि त्वचा सोलवटते. हात धुतल्यावर अंगठी सरकवून खालचं बोट कोरडं करा, अंगठी आतूनही स्वच्छ ठेवा, रात्री काढून ठेवा. एवढं करूनही कमी होत नसेल तर निकेलची ॲलर्जी असू शकते. गुजरीकर म्हणाले तसं पांढऱ्या सोन्यावरचा ऱ्होडियमचा थर झिजला की आतलं निकेल त्वचेला लागतं. पॅच टेस्टने, म्हणजे त्वचेवर पट्टी लावून करायच्या ॲलर्जी तपासणीने, नक्की कळतं. स्वतःच्या मनाने स्टेरॉईडचं मलम आणून लावत बसू नका.

आंबेमोहोर | रविवार, दुपारी १२:१५

आज सकाळी सगळं साग्रसंगीत केलं. कापसाचा बोळा फिरवला तर कडेच्या एका बाजूला धागा अडकला. म्हणून धुतलीच नाही, सरळ लक्ष्मी रोडला आमच्या सराफांकडे गेलो. त्यांनी भिंगातून दाखवलं, एक टिपका खरोखर उचललेला होता. समोर बसून दाबून घेतला, वजन आधी आणि नंतर दोन्ही पावतीवर लिहून घेतलं. त्यांनी पॉलिशचं विचारलं, मी नको म्हटलं. ऱ्होडियम लग्नाच्या आधीच्या आठवड्यात करायचं ठरलंय.

घरी येऊन साबणाच्या पाण्यात ठेवली आणि खालून ब्रश फिरवला. पाणी गढूळ झालं होतं! कणकेचा अख्खा गोळा निघाला जाळीतून. हिरा आता खिडकीशी नेला की भिंतीवर रंग पडतात. सासूबाईंना फोनवर सांगितलं, त्या गावाकडून रिठे पाठवणार आहेत, पुढच्या वेळी त्यानेच करेन.

अजून एकच विचारते. हळदीच्या दिवशी आणि मेंदीला अंगठी काढायची हे नक्की, पण ती ठेवायची कशी? मागे घरातलं एक कानातलं टिश्यूत गुंडाळलेलं कचऱ्यात गेलं होतं, त्याची आईला अजून रुखरुख आहे.

गुजरीकर | रविवार, दुपारी १:४०

छान केलंत ताई. वेळेवर टिपका दाबला गेला, नाहीतर तो हिरा लग्नाच्या गर्दीत कुठेतरी पडला असता.

टिश्यू, कागदाची पुडी, रुमालाची गाठ यांत काहीच ठेवू नका. दुकानातून मिळालेल्या डबीतच ठेवा, आणि ती डबी त्या दिवशी कोणाकडे असेल हे आधीच ठरवून एकाच माणसाच्या स्वाधीन करा. डबीत दुसरा दागिना नको, हिऱ्याची कड शेजारच्या सोन्याला आणि मोत्यांना ओरबाडते. हळदीनंतर अंगाला लावलेलं तेल आणि उटणं पूर्ण निघाल्यावर, म्हणजे आंघोळ करून हात कोरडे झाले की घाला. मेंदीचा लगदा सुकून पडेपर्यंत घालू नका, जाळीत गेला तर कणकेपेक्षा चिवट बसतो. आणि बसलाच तर तीच वाटी, तेच कोमट पाणी, रात्रभर भिजत.